एसटीचं अर्धं तिकीट दिलंत, आता रिचार्जचं बघा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांचे सर्व आमदार आणि खासदार

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात अकरा वर्षांपासून आपले सरकार सेवा केंद्र चालवते. पाटीवर नाव मोठं आहे, पण गावात सगळे 'ऑनलाइनवाल्या ताईंचं दुकान' म्हणतात. दोन संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर एक बाकडं. सकाळी नऊला शटर वर केलं की बाकडं भरलेलं असतं. सरकारची कुठली योजना नवीन आली, कुठल्या कागदाची मुदत संपत आली, हे मला बातम्यांच्या आधी बाकड्यावरून कळतं.

मागच्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. साठीच्या आसपास वय, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500 रुपये हाच हक्काचा पैसा. बाकी निंदणी-वेचणीची मजुरी मिळेल तशी. निराधारच्या पैशासाठी आधारची पडताळणी करायची होती. मी आधार क्रमांक टाकला, बटण दाबलं. स्क्रीनवर आलं की ओटीपी पाठवला आहे. मावशी मोबाइल हातात धरून बसल्या. दोन मिनिटं गेली, पाच गेली. "ताई, ओटीपी उनाच नही."

मोबाइल बघितला तर नेटवर्कची एकही कांडी नाही. कपाशीची कामं संपल्यावर, उन्हाळ्यात हाताला काम नसताना, त्यांनी रिचार्ज केलं नव्हतं. आधी आऊटगोइंग बंद होतं, काही दिवसांनी इनकमिंगही जातं, आणि 90 दिवस नंबर वापरात नसला की कंपनीला तो काढून घेता येतो. मग तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. मी माझ्या फोनवरून मावशींचा नंबर लावला. कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यातला एक तरुण मुलगा बोलला. मावशींच्या आधारचा ओटीपी त्याच्या फोनवर गेला होता. मी समजावून सांगायला लागले तर त्याने फोन कापला. त्याला तरी काय बोलणार? ओटीपी कुणाला सांगू नका, हे आपणच सगळ्यांना वर्षानुवर्षं शिकवत आलो आहोत.

पुढचं सगळं ओळीने सांगते, कारण खर्च असाच वाढत जातो. नवीन सिम. आधारमध्ये नवीन नंबर जोडायला तालुक्याच्या गावी जाणं. तिथे 75 रुपये फी. आयुष्यभर कापूस वेचून मावशींच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेईना, म्हणून दुसरी खेप. दोन दिवसांची मजुरी बुडाली. आणि एवढं सगळं कशापायी, तर दोनशे रुपयांचं रिचार्ज वेळेवर झालं नाही म्हणून.

मावशींसारखी माणसं माझ्या बाकड्यावर आठवड्याला चार-पाच तरी येतात. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या खान्देशात दिलं गेलं, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. 29 सप्टेंबर 2010, शहादा तालुक्यातलं टेंभली. पंतप्रधान स्वतः आले होते. त्या दिवशी गरिबाला सांगितलं गेलं की आता तुझी ओळख तुझ्या हातात आहे, कुणाच्या दाराशी उभं राहायला नको. पंधरा वर्षांत त्या बारा आकड्यांच्या मागे मोबाइल नंबर आला, मोबाइल नंबरच्या मागे ओटीपी आला, आणि ओटीपीच्या मागे दर 28 दिवसांनी भरायचं रिचार्ज आलं. पहिल्या तीन गोष्टी सरकारने आणल्या, चौथीचा खर्च तेवढा गरिबावर सोडला. माझं म्हणणं एवढंच आहे की जी गोष्ट सरकारने सक्तीची केली, तिचा निदान गरिबापुरता खर्च सरकारने उचलावा.

सक्ती हा शब्द मी जपून वापरते आहे. गेल्या चार-पाच वर्षांत काय काय मोबाइलवर गेलं ते आठवून पाहा. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. तो पेरा सातबाऱ्यावर नसेल तर पुढे नुकसानभरपाई अडते, विमा अडतो. मग शेतकरी ओळख क्रमांक आला. आणि 2025 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी बंधनकारक केली. ती नोंदणीही ॲपवर, तारखेचा स्लॉटही ॲपवर. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 8,110 रुपये क्विंटल. खेडा खरेदीवाला दारात येऊन त्यापेक्षा बराच कमी भाव देत होता. दोन एकराचा कोरडवाहू शेतकरी, ज्याच्याकडे बटणाचा फोन आहे, तो कुठे जाणार? आमच्या भागातल्या कितीतरी जणांनी नोंदणीच्या मुदतीत माझ्याकडे रांगा लावल्या, आणि कितीतरी जण आलेच नाहीत. त्यांनी घरातूनच कापूस देऊन टाकला.

बायकांचं तर विचारू नका. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बाईच्या ओटीपीसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार ओटीपी लागत होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा बायका तान्ही पोरं पाठीशी बांधून चालत आल्या. घरात मोबाइल एकच, आणि तो नवऱ्याबरोबर गुजरातेत, सौराष्ट्रात शेतमजुरीला गेलेला. इथून फोन लावायचा, तो लागला तर ओटीपी विचारायचा, तो सांगेपर्यंत वेळ संपायची. पुन्हा पहिल्यापासून. आणि नवऱ्याच्या फोनलाच रिचार्ज नसेल तर बाई तशीच माघारी. त्या दिवसांत मी रात्री अकरापर्यंत दुकान उघडं ठेवायची, तरी संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने रिकाम्या हाताने गेलेल्या बायकांचे चेहरे डोळ्यांपुढून जात नाहीत.

पोरांचंही तेच. 2025 पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. अर्ज, पसंतीक्रम, फेरी, पुन्हा फेरी. दहावीला चांगले गुण मिळवलेली एक मुलगी, आईवडील केळीच्या बागेत सालदार. तिचं नाव पहिल्या फेरीतच लागलं होतं आणि तिला ते तीन दिवसांनी, माझ्याकडे आल्यावर कळलं. घरातल्या फोनचा नेट संपला होता. प्रवेश निश्चित करायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तिला गाडीवर मागे बसवून माझा भाऊ कॉलेजात घेऊन गेला, म्हणून वर्ष वाचलं.

आता पैशाचं सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रिचार्ज कोण करतं आणि कितीचं, हे आपल्या लक्षातही राहत नसेल. ते साहजिक आहे. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. रोज एक-दीड जीबी नेट देणारं 28 दिवसांचं रिचार्ज 299 रुपयांवर जाऊन पोहोचलं. महिना तीस-एकतीस दिवसांचा आणि रिचार्ज 28 दिवसांचं, म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा वेळा पैसे भरायचे. 30 दिवसांचाही एक तरी प्लॅन ठेवा, असा नियम दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने 2022 मध्ये केला आहे, पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी तो माहीत असलेला माणूस मी अजून बघितला नाही. तेरा वेळा 299, म्हणजे वर्षाचे 3,887 रुपये. घरात शिकणारं पोर आणि बाहेरगावी जाणारा बाप, असे दोन फोन धरले तर 7,774. आमच्याकडे निंदणीला बाईची दिवसाची मजुरी अडीचशे-तीनशे रुपये. म्हणजे एका फोनपायी वर्षातले तेरा ते सोळा दिवस तिने फक्त रिचार्जसाठी उन्हात वाकायचं.

स्वस्त रिचार्ज नाही का? आहे. दोनशेच्या आसपास 28 दिवसांचं मिळतं, पण त्यात सगळ्या महिन्याला मिळून दोन जीबी. ई-पीकचे फोटो, एक-दोन ॲप अपडेट, पोराच्या शाळेच्या ग्रुपवरचे व्हिडिओ, की आठवड्यात खडखडाट. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले प्लॅन द्यायला कंपन्यांना भाग पाडलं, ते चांगलंच झालं. त्याने ओटीपी येतो. पण ज्या ॲपसाठी ओटीपी हवा, ते उघडत नाही.

यावर एक उत्तर मला हमखास ऐकायला मिळतं. आपल्या देशात नेट जगात सर्वांत स्वस्तांपैकी आहे, मग तक्रार कशाची? हिशेबाने ते खरं आहे. एका जीबीचा भाव काढला तर आपल्याकडे फार कमी येतो. पण गरिबाला एका जीबीच्या भावाने विकत घेता येत नाही. किराणा दुकानदाराने उद्या सांगितलं की तेल फार स्वस्त केलंय, पण पंधरा किलोचा डबाच घ्यावा लागेल, तर पावशेर तेल नेणाऱ्या बाईला त्या स्वस्ताईचा काय उपयोग? तिच्या कनवटीला डब्याचे पैसे एका वेळी नसतात. रिचार्जचं नेमकं असंच आहे.

दुसरं उत्तर थोडं टोचणारं असतं. फुकट नेट दिलं तर पोरं रील बघत बसतील. बघतील ना. आपलीही पोरं बघतात. एसटीचं अर्धं तिकीट दिलं तेव्हा कुणी विचारलं नाही की बाई दवाखान्यात चाललीय की माहेरी लग्नाला. 17 मार्च 2023 पासून महिलांना लालपरीत निम्मं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या बायका तालुक्याला, जिल्ह्याला जायला लागल्या, तपासणीला जायला लागल्या, हे मी रोज बसस्टँडवर बघते. सरकारने तेव्हा एक गोष्ट मान्य केली की प्रवास ही चैन नाही. ज्या कामांसाठी पूर्वी बसने कचेरीत जायचो, त्यातली निम्मी कामं आता मोबाइलवर गेली. मग तिकीट बसपुरतंच का राहिलं?

फक्त सरकारी संकेतस्थळं फुकट उघडतील असं काहीतरी करू, असाही एक विचार अधूनमधून कानावर येतो. मला तो पटत नाही. एकतर मजकूर बघून वेगवेगळे दर लावायला ट्रायने फेब्रुवारी 2016 मध्ये बंदी घातली, आणि ती योग्य कारणासाठी घातली. दुसरं म्हणजे गरिबाने नेट वापरायचं ते केवळ अर्ज करायला, हे कुणी ठरवलं? कापसाचा आजचा भाव, मुलीच्या परीक्षेचा अभ्यास, गुजरातेत असलेल्या नवऱ्याचा चेहरा, हेही तिचंच आहे. द्यायचं तर पूर्ण नेट द्या, थोडं द्या, पण तिच्या मर्जीने वापरता येईल असं द्या.

पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर आपल्यापैकी खासदारांकडे आधीच आहे. टेलिकॉम कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचा पाच टक्के वाटा ग्रामीण आणि दुर्गम भागात सेवा पोहोचावी म्हणून 2002 पासून केंद्राकडे भरत आल्या आहेत. सार्वत्रिक सेवा दायित्व निधी हे त्याचं जुनं नाव. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं आणि ऑगस्ट 2024 मध्ये त्याचे नियमही निघाले. या निधीतला पैसा वर्षानुवर्षं पूर्ण खर्च होत नाही, हा विषय संसदेत कितीदा तरी निघाला आहे. कंपन्या तो वाटा आपल्या खिशातून भरत नाहीत, आमच्या रिचार्जमधूनच भरतात. म्हणजे माझ्या मावशींनीही त्यात आपल्या मजुरीचे दोन पैसे टाकलेले आहेत. टॉवर आणि फायबरसाठी त्या निधीचा वापर होतो, तो व्हावाच. पण घराच्या दारातून गेलेल्या तारेचा उपयोग करायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याचा विचारही त्याच निधीत बसायला हवा.

आमदारांसाठी दुसरा हिशेब आहे. रिचार्जवर 18 टक्के जीएसटी लागतो. 299 रुपयांत साधारण साडेपंचेचाळीस रुपये कर. वर्षाच्या तेरा रिचार्जमध्ये सुमारे 593 रुपये, आणि त्यातला निम्मा, म्हणजे 296 रुपयांच्या आसपास, राज्याच्या वाट्याचा. पिवळ्या कार्डावरची बाई सरकारचीच अट पूर्ण करण्यासाठी रिचार्ज करते आणि त्यावर सरकारलाच कर भरते. निदान हा कर तरी तिला परत करता येणार नाही का?

शिवाय राज्याने असं काही कधी केलंच नाही असं नाही. राज्याच्याच 'महाज्योती' या संस्थेने जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब दिले आणि त्यासोबत रोजचं सहा जीबी नेटही दिलं. नुसता टॅब देऊन भागत नाही, हे ज्याने ती योजना आखली त्याला कळलं होतं. तोच विचार अंत्योदय कुटुंबापर्यंत न्यायचा आहे.

केरळने तर याहून पुढचं पाऊल टाकलं. 2019 मध्ये त्यांनी इंटरनेट हा मूलभूत हक्क मानला, स्वतःचं फायबर जाळं उभारलं, आणि जून 2023 मध्ये ते सुरू करताना 20 लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. सुरुवात प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या शंभर कुटुंबांपासून केली. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत वीस मतदारसंघ आहेत. शंभर कुटुंबांनी सुरुवात करायची म्हटलं तरी दोन हजार घरं होतात. दोनशे रुपये महिना धरला तर वर्षाला 48 लाख. एवढी रक्कम वीस आमदारांना मिळून अवघड आहे, असं मला वाटत नाही.

अमेरिकेचं उदाहरणही मी मुद्दाम देते, ते दोन कारणांसाठी. करोनाच्या काळात तिथे लोकांच्या लक्षात आलं की गरिबाचं घर नेटशिवाय शाळेपासूनही तुटतं आणि नोकरीपासूनही. मग 2021 च्या शेवटी त्यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना नेटच्या बिलात महिन्याला 30 डॉलरपर्यंत सूट द्यायला सुरुवात केली, आणि तिथल्या आदिवासींच्या राखीव प्रदेशात हीच सूट 75 डॉलरपर्यंत ठेवली. दुर्गम भागात सेवा महाग पडते, हे त्यांनी रकमेतच मान्य केलं. धडगाव आणि अक्कलकुव्याचा विचार करताना मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दुसरं कारण दुःखाचं आहे. दोन कोटी तीस लाख कुटुंबं त्यात आल्यावर पैसे संपले, संसदेने नवीन तरतूद केली नाही, आणि जून 2024 मध्ये योजना बंद पडली. ज्यांनी त्या भरवशावर जोडणी घेतली होती त्यांच्या हाती पूर्ण बिल आलं. राजस्थाननेही 2023 च्या निवडणुकीआधी महिलांना इंटरनेटसह स्मार्टफोन वाटायला घेतले आणि सरकार बदलल्यावर ते पुढे गेलं नाही. आपल्याकडे असं होऊ देऊ नका. थोड्या घरांना द्या, पण ते आकस्मिक घोषणेतून न देता कायमच्या तरतुदीतून द्या.

आता सातपुड्याकडे वळते. माझी मावसबहीण धडगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तिला रोजची हजेरी, वजन-उंची, आहार, सगळं पोषण ट्रॅकर ॲपवर भरायचं असतं. तिच्या पाड्यावर रेंज नाही. दिवसभराची माहिती वहीत लिहायची आणि संध्याकाळी डोंगराच्या धारेवर एका ठरलेल्या दगडापाशी जाऊन भरायची. पावसाळ्यात ती वाट निसरडी होते. तिथल्या लोकांना रिचार्जचे पैसे देऊन काय होणार? त्यांना आधी मनोरा हवा, फायबर हवा. केंद्राने जुलै 2022 मध्ये नेटवर्क नसलेल्या 24,680 गावांना 4जी देण्यासाठी 26,316 कोटी रुपये मंजूर केले. ऑगस्ट 2023 मध्ये गावोगावी फायबर नेणाऱ्या सुधारित भारतनेट योजनेसाठी 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले. त्यातून नर्मदेकाठची, तोरणमाळच्या खालची, मोलगीच्या आजूबाजूची कोणती गावं जोडली गेली आणि कोणती राहिली, त्यांची यादी गावाच्या नावासह तहसील कार्यालयाच्या भिंतीवर लावा. मणिबेली हे राज्याच्या पहिल्या मतदारसंघातलं पहिलं गाव. मतपेटी तिथे बोटीने जाते. नेटवर्क तिथे कधी जाणार?

तोवर एक सोपी गोष्ट करता येईल. आश्रमशाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, ग्रामपंचायत, यांपैकी जिथे कुठे तार पोहोचली आहे तिथे गावासाठी वायफाय ठेवा. 'पीएम वाणी' योजनेत डिसेंबर 2020 पासून किराणा दुकानदारसुद्धा कुठल्याही परवाना शुल्काशिवाय असं केंद्र चालवू शकतो, आणि त्याला लागणाऱ्या फायबर जोडणीचे दर साध्या घरगुती दराच्या दुपटीवर नेता येणार नाहीत, असं ट्रायने 2025 मध्ये ठरवून दिलं आहे. पेसा कायद्यातल्या आदिवासी गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी थेट ग्रामपंचायतीत मिळतो. त्यातून नेट घ्यायचं की नाही हे ग्रामसभेने ठरवावं, पण असं करता येतं हे निदान गावाला त्यांच्या बोलीत, पावरीत, भिलोरीत, मावचीत सांगायला कुणीतरी जायला हवं.

मदत कशी द्यावी, याबद्दल अकरा वर्षांच्या अनुभवावरून एक-दोन गोष्टी सांगते. आधी पैसे भरा, मग परत मिळतील, असं करू नका. गॅसच्या वेळी बघितलंय. ज्याच्याकडे आधी भरायला नसतं, त्याच्यासाठी ती योजना नसतेच. खात्यात रोख टाकलीत तर ती तेल-मिठात जाते, आणि त्यात त्या बाईची काही चूक नाही. म्हणून रिचार्ज थेट नंबरवर टाका. पुन्हा नवीन अर्ज, नवीन ई-केवायसी मागू नका, पात्र घरांची यादी रेशन कार्डावर तयार आहे. अन्न सुरक्षा कायद्याने 2013 पासून रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लागतं. तेच नाव धरा, तिच्याच नंबरवर रिचार्ज द्या. मग नवरा सौराष्ट्रात असला तरी बाईचा फोन घरी चालू राहील. आणि मुदत 28 दिवसांची नको, वर्षाची हवी. कापूस विकल्यावर चार पैसे असतात, चैत्रात नसतात. नंबर नेमके चैत्र-वैशाखातच बंद पडतात.

खरं तर हे झालं तर माझ्या दुकानातली गर्दी कमी होईल. ज्या कामाचे मी वीस, तीस, पन्नास रुपये घेते, त्यातली निम्मी कामं लोक घरी करतील. माझं घर या दुकानावर चालतं, तरीही मी हे मागते आहे. ओटीपी आला नाही म्हणून माघारी जाणाऱ्या बाईकडून मी कधी पैसे घेतले नाहीत, पण तिचा दिवस मी तिला परत देऊ शकत नाही.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, ते मला समजतं. एक गोष्ट मात्र या आठवड्यात होऊ शकते, तिला निधी लागत नाही. केवळ ओटीपी आला नाही किंवा नंबर बंद आहे म्हणून कुणाचं निराधारचं अनुदान, रेशन किंवा शिष्यवृत्ती थांबवायची नाही, तलाठी, ग्रामसेवक किंवा मुख्याध्यापक यांच्या सहीने पडताळणी चालेल, एवढं एक परिपत्रक काढायला लावा. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. अपंग आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांनी ई-केवायसीतल्या अडचणींबद्दल दाद मागितली होती, त्यावरचा तो निकाल. चेहरा ओळखताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवता येत नाहीत, म्हणून ज्यांचं काम अडत होतं, त्यांना न्याय मिळाला. झिजलेल्या बोटांचा आणि बंद पडलेल्या नंबरचा प्रश्न त्याहून फार वेगळा नाही.

आपल्यापैकी कुणीही आठवडे बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन दोन तास बसावं, असं मनापासून वाटतं. ताफा नको, फोटोवाला नको. बाकड्यावर जागा करून देईन, चहा पाजेन. बायका स्वतःच बोलतील.

मावशींचा नवीन नंबर आता आधारला जोडला गेला आहे आणि अनुदान सुरू झालं आहे. या वेळचं रिचार्ज मी माझ्या पैशाने टाकलं. त्याची मुदत येत्या अठरा तारखेला संपते.

आपली,
चोपडा तालुक्यातली एक सेवा केंद्र चालक